तदलीस : इंजिनावरच्या ठशाची गोष्ट

जुनी मोटारसायकल नावावर करून घ्यायची असली की एजंट आधी गाडीजवळ खाली बसतो. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागदाची पट्टी धरतो आणि वरून पेन्सिल घासतो. काळ्या रेघांतून एकेक आकडा वर येतो. ती पट्टी फॉर्मला चिकटवली जाते. तिचा अर्थ एवढाच, की कागदावरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे. काम झालं की तो नंबर आपण विसरून जातो.

अमेरिकेत काही जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र याच नंबरावरून सगळा व्यवहार ठरतो. गिऱ्हाईक रंग बघत नाही, गादी बघत नाही. बॉनेट उघडून, टॉर्च आणि भिंग घेऊन, इंजिनावरची दोन बोटं रुंदीची एक सपाट पट्टी बघतो. तिथल्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसला तर गाडीची किंमत एक, आणि नाही बसला तर ती बरीच खाली. या पट्टीभोवती गेल्या चार-पाच दशकांत पारखी माणसांचं एक शास्त्र उभं राहिलं, आणि त्याच्याच सावलीत खोट्या ठशांचा धंदाही. हे शास्त्र वाचताना मला वारंवार हदीसच्या अभ्यासातला एक शब्द आठवत राहिला. तो शब्द म्हणजे तदलीस. त्याच्याकडे नंतर येतो. आधी या गाड्या कुठून आल्या ते पाहू.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स या कंपनीत एक नियम होता. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाक हा त्याच कंपनीचा एक विभाग, आणि जॉन डिलोरियन हे तिथले मुख्य अभियंता. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वाट काढली. टेम्पेस्ट या साध्या, हलक्या गाडीसाठी ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन त्यांनी वेगळं मॉडेल म्हणून न देता ज्यादा पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून दिलं. नाव ठेवलं जीटीओ. १९६४ च्या पहिल्याच हंगामात ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. हलकी गाडी, दांडगं इंजिन आणि तरुण नोकरदाराला परवडेल अशी किंमत, हा मेळ जमला. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले.

मग शर्यत लागली. फोर्ड, डॉज, प्लायमाउथ, शेव्हरले सगळे त्यात उतरले. १९७० साली जनरल मोटर्सने मधल्या गाड्यांवरची इंजिनाची मर्यादा उठवली, आणि शेव्हरलेने शेव्हेल या गाडीत एलएस ६ नावाचं ४५४ घन इंचांचं इंजिन दिलं. ते जवळजवळ ७.४ लिटरचं होतं. आपल्या अॅम्बॅसेडरचं इंजिन १,४८९ सीसीचं असे. म्हणजे पाच अॅम्बॅसेडरांची इंजिनं एकाच बॉनेटखाली. कागदावर ताकद ४५० अश्वशक्ती. अशी फक्त ४,४७५ इंजिनं त्या साली गाड्यांत बसली. त्याच साली साधी शेव्हेल मात्र लाखांच्या घरात विकली जात होती.

हा खेळ फार चालला नाही. तरुणांच्या हातातल्या या गाड्यांचे अपघात पाहून विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला, आणि कंपन्यांना इंजिनं मऊ करावी लागली. ऑक्टोबर १९७३ मध्ये इस्रायलबरोबरच्या युद्धात अमेरिकेने इस्रायलची बाजू घेतली म्हणून अरब देशांनी तिचं तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेलाचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पेट्रोल पिणारी ही जनावरं कोणाला नकोशी झाली. कालची स्वप्नातली गाडी जुन्या बाजारात पडेल भावाने विकली जाऊ लागली.

आपल्या कथेचं मूळ या पडत्या काळात आहे. या गाड्या कोणी संग्रहालयात ठेवायला घेतल्या नव्हत्या. पोरांनी त्या शर्यतीत पळवल्या, इंजिनं फोडली आणि भंगारातून दुसरं इंजिन आणून बसवलं. कोणी पेट्रोल वाचवायला मोठं इंजिन काढून छोटं घातलं. कोणी चांगलं इंजिन काढून बोटीत किंवा दुसऱ्या गाडीत टाकलं. तेव्हा त्यात गैर काहीच नव्हतं. ब्लॉक फुटला तर नवा टाकायचा, एवढाच हिशेब. जन्माचं इंजिन जपून ठेवण्याचं कारणच नव्हतं.

पुढे ती पोरं मोठी झाली, त्यांच्या हातात पैसा आला आणि तरुणपणीची गाडी परत हवीशी वाटू लागली. भाव चढू लागले. जून २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात १९७१ ची प्लायमाउथ हेमी कुडा, उघड्या छताची, ३५ लाख डॉलरला गेली. भाव असे चढल्यावर एक साधा प्रश्न फार महाग झाला: या गाडीत आज जे इंजिन आहे, तेच कारखान्यातून निघताना होतं का?

शेव्हेलच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच अवघड. डॉज आणि प्लायमाउथच्या ओळख क्रमांकात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. १९७० च्या गाडीत तिथे ‘आर’ असेल तर ती जन्माने ४२६ घन इंचांची हेमी. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांच्या नोंदी टिकल्या आहेत, आणि त्यांवरून ‘मार्टी रिपोर्ट’ म्हणून उतारा मिळतो. पाँटियाकची विक्रीची बिलं टिकली आहेत. पण १९७० च्या शेव्हेलचा क्रमांक एवढंच सांगतो, की गाडी शेव्हरलेची आहे, मालिबू प्रकारची, दोन दारांची, आठ सिलिंडरची, या कारखान्यातली, या अनुक्रमाची. आठ सिलिंडरचं इंजिन साधं की एलएस ६, यावर तो गप्प. अमेरिकेत विकलेल्या शेव्हेल गाड्यांसाठी फोर्डसारखा उतारा मिळायची सोय नाही. त्यामुळे साक्ष द्यायला मुख्यतः इंजिनच उरतं.

इंजिनाची साक्ष तीन थरांत असते.

पहिला थर ओतकामाचा. लोखंड साच्यात ओततानाच ब्लॉकवर उठावदार आकडे येतात. एक असतो साच्याचा नंबर. १९७० च्या ४५४ ब्लॉकवर तो ३९६३५१२ असा सापडतो. पण एकच नंबर हजारो ब्लॉकवर असतो. ३५० घन इंचांच्या लहान इंजिनाचा ३९७००१० हा नंबर तर १९६९ पासून सत्तरच्या दशकभर असंख्य ब्लॉकवर आला. त्यामुळे ‘साच्याचा नंबर बरोबर आहे’ याने फारसं काही सिद्ध होत नाही. शेजारी ओतल्याची तारीख असते: महिन्यासाठी अक्षर, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, मग दिवस आणि वर्ष.

दुसरा थर इंजिन जोडणाऱ्या कारखान्याचा. मोठी इंजिनं न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या टोनावांडा इथे जुळवली जात. तयार इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढे, सपाट पट्टीवर पंचाने ठसा ठोकायचे. समजा तिथे ‘टी ०११५ सीआरव्ही’ असं आहे. टी म्हणजे टोनावांडा, ०११५ म्हणजे १५ जानेवारी, आणि सीआरव्ही ही अक्षरं एलएस ६ ची. गंमत अशी, की या ठशात वर्ष नसतं. वर्ष ओतल्याच्या तारखेवरून काढावं लागतं.

तिसरा थर गाडी जोडणाऱ्या कारखान्याचा. इंजिन टोनावांडाहून रेल्वेने किंवा ट्रकने बाल्टिमोरला, कॅन्सस सिटीला किंवा आणखी कुठे जाई. तिथे ते गाडीत बसताना गाडीच्या ओळख क्रमांकाचा एक भाग त्याच्यावर ठोकला जाई. १९७० ची बाल्टिमोरची गाडी असेल तर ‘१० बी’ आणि पुढे सहा आकडे. यामागे मुख्य हेतू चोरी पकडण्याचा होता. कॉर्व्हेट या महागड्या गाडीवर ही पद्धत १९६० पासून होती. दशक संपेपर्यंत ती सगळीकडे आली.

म्हणजे एकाच पट्टीवर दोन ठसे, दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या माणसांनी ठोकलेले. एक सांगतो इंजिन कोणतं, दुसरा सांगतो गाडी कोणती. दोघांना एकमेकांची ओळख नव्हती. पन्नास वर्षांनी कोणी भिंग घेऊन बघेल हेही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांनी पुराव्यासाठी ठोकलं नाही, पाळी संपायच्या आत काम उरकायला ठोकलं. म्हणूनच त्यांची शहादत मोलाची ठरते. ज्याला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं, त्याचं म्हणणं आहे ते.

इथे मला हदीसशास्त्र आठवतं. तुलना पवित्रतेची नाही, पारखण्याच्या पद्धतीची आहे. हदीसचा मजकूर, म्हणजे मतन, आणि तो सांगणाऱ्यांची साखळी, म्हणजे सनद, या दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या असतात. ‘अमुकने अमुककडून ऐकलं’ असं साखळीत असेल तर पहिला प्रश्न असतो की ते दोघे एका काळात होते का. अभ्यासक सांगतात, इमाम मुस्लिम (रह.) यांना दोघे समकालीन असणं आणि भेट शक्य असणं पुरत असे, इमाम बुखारी (रह.) यांना भेट झाल्याचा पुरावाही लागे.

इंजिनाच्या बाजारात हेच दोन दर्जे आहेत. ज्या इंजिनाच्या तारखा गाडीशी जुळतात, पण गाडीचा क्रमांक त्याच्यावर नाही, ते ‘तारखेने बरोबर’. भेट शक्य होती, एवढंच. ज्याच्यावर गाडीचाच क्रमांक आहे ते ‘नंबर जुळणारं’. भेट झाल्याचा पुरावा आहे. या दोहोंच्या किमतीत मोठं अंतर.

आणि साखळी तपासायची रीतही तीच. आधी ओतकाम, मग जुळणी, मग गाडी, हा क्रम उलटू शकत नाही. शेव्हेलच्या बॉनेटखालच्या पत्र्याच्या पट्टीवर सहसा सांगाडा कोणत्या महिन्याच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला ते असतं; ‘०१ बी’ म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा. इंजिन म्हणतं १५ जानेवारीला मी टोनावांडात जुळलो, तिथून बाल्टिमोरचा प्रवास बाकी आहे, आणि गाडी म्हणते मी त्याच आठवड्यात तयार होते, तर शंका घ्यायलाच हवी. उलट इंजिन गाडीच्या सहा-आठ महिने आधीचं असेल तरी रावी जरा जास्तच म्हातारा वाटतो.

एका साक्षीदारावर भागत नाही म्हणून पारखी दुसरे शोधतात. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक छापील कागद फिरे, तिच्यात काय काय बसवायचं ते सांगणारा. काम झालं की कामगार तो टाकून देत किंवा गाडीतच राहू देत. असे कागद आज पेट्रोलच्या टाकीवर, सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेले सापडतात. शेव्हरले १९६५ ते १९७२ गाडीबरोबर धातूची एक छोटी पट्टी देत असे, वॉरंटीच्या पुस्तकात लावलेली. तिच्यावर इंजिनाची अक्षरं असत. कागद, पट्टी आणि ठसा तिन्ही एकच सांगत असतील तर मन निश्चिंत होतं.

आता दगाबाजीकडे. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग कारखान्यात ब्रोचिंग मशिनवर कापला जाई. त्याने पट्टीवर बारीक, समांतर रेघा उमटत. ठसा त्या रेघांवर ठोकलेला असे. गॅरेजात इंजिन नव्याने बांधताना ब्लॉकचं फेसिंग केलं की रेघा जातात आणि नंबरही जातो. असं अनेक चांगल्या, खऱ्या इंजिनांचं झालं आहे. मालक शपथेवर सांगेल इंजिन मूळचंच आहे, पण साक्षीदार गेला तो गेलाच.

फसवणारा हेच हत्यार वापरतो. साध्या गाडीचा किंवा भंगारातला त्याच काळातला ब्लॉक आणायचा, पट्टी घासायची, नंबर पंच घेऊन हवा तो क्रमांक ठोकायचा. मग पारखी बघतो: रेघा आहेत का? त्या बाकीच्या पृष्ठभागावरच्या रेघांशी सलग आहेत का, की फक्त पट्टीपुरत्या सँडपेपरने ओढल्यात? आकड्यांचं वळण त्या कारखान्याचं आहे का? टोनावांडाच्या ठशातली अक्षरं एका धारकात आवळून एकदम ठोकत, म्हणून ती एका ओळीत असायला हवीत. एकेक पंच हाताने मारला की आकडे डुलतात. पुढे खोटं करणाऱ्यांनीही जुन्या वळणाचे पंच बनवले आणि रेघा ओढायची यंत्रं मिळवली. धातूच्या वॉरंटी पट्ट्याही नव्याने छापल्या. तरी लोखंडाची स्मृती जरा खोल असते. पंच मारला की खालचा धातू दबतो. वरचा आकडा घासून टाकला तरी दबलेला थर काही वेळा शिल्लक राहतो, आणि पृष्ठभाग चकचकीत करून त्यावर आम्ल लावलं की जुन्या आकड्याची पुसट सावली वर येते. पोलिसांच्या प्रयोगशाळा ही युक्ती बंदुका आणि चोरीच्या गाड्यांसाठी वापरतात.

खोटा ठसा मारणाऱ्यांत सगळेच चोर नाहीत, आणि खरा पेच तिथे आहे. एखादा मालक म्हणतो: माझ्या गाडीचं इंजिन १९७५ मध्येच फुटलं. मी त्याच साच्याचा, बरोबर तारखेचा ब्लॉक शोधला. गाडीला नवा रंग देतो, नवी गादी घालतो, तसा नवा ठसा दिला तर बिघडलं कुठे? मी गाडी पूर्वीसारखी करतोय. कॉर्व्हेट गाड्यांच्या जुन्या संस्थांमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद झाला आहे. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही १९७४ ची संस्था. तिचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघताना दिसली असती तशी दिसते का, याचे गुण देतात. इंजिन जन्माचं आहे असा दाखला ते देत नाहीत. परीक्षकांच्या दृष्टीने ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण बाजारात मिळालेल्या गुणांचा अर्थ गिऱ्हाईक वेगळाच लावतं.

माझं उत्तर असं. रंग कोणाची साक्ष देत नाही. नवा रंग ‘मी नवा आहे’ असंच सांगतो. ठशाचं काम मात्र साक्ष देणं हेच आहे. ‘अमुक दिवशी, अमुक कारखान्यात, हे इंजिन या गाडीत बसलं’ असं तो वाक्य बोलतो. आज ठोकलेला तोच आकडा जे घडलंच नाही ते घडलं म्हणून सांगतो. मालकाच्या मनात खोट नसेलही. पण गाडी त्याच्या हातून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. पहिल्याने तोंडी सांगितलेलं तिसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ठसा मात्र पोहोचतो. वाहनाचा ओळख क्रमांक जाणूनबुजून बदलणं अमेरिकेत १९८४ च्या कायद्यापासून संघीय गुन्हा आहे. इंजिनावरच्या अर्ध्या क्रमांकाला कायदा कुठवर लागतो यावर वकील भांडोत. नव्या ठशाला जुना म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आता तो शब्द. तदलीस म्हणजे मुळात मालातला दोष गिऱ्हाइकापासून झाकणं. फिकहमध्ये तो याच अर्थाने येतो. बकरी विकायच्या आधी दोन दिवस दूध न काढता तिची कास फुगवून ठेवणं हे त्याचं जुनं उदाहरण, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते मना केलं, आणि फसलेल्याला बकरी परत करायचा हक्क दिला. हदीसच्या अभ्यासकांनी बाजारातला हा शब्द उचलून आपल्याकडे आणला. ज्या रावीने साखळीतला तुटलेला किंवा कच्चा दुवा झाकून ती अखंड असल्यासारखी दाखवली, त्याच्या कृत्यालाही तदलीस म्हटलं. माल असो की माहिती, झाकणं एकच. इंजिनावरचा खोटा ठसा दोन्ही अर्थांनी तदलीस आहे: तो मालातला दोष झाकतो आणि इतिहासाची तुटलेली साखळीही झाकतो.

एक गोष्ट मात्र कोणताच ठसा सांगत नाही. डॉज चॅलेंजर आणि हेमी कुडा या गाड्या डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमकच्या ‘डॉज मेन’ कारखान्यात बनत. तिथे मोठ्या संख्येने काळे कामगार होते, अरब कामगार होते, त्यांत येमेनहून आलेले मुसलमान होते. मे १९६८ मध्ये याच कारखान्यात अचानक संप झाला आणि काळ्या कामगारांची ‘ड्रम’ ही संघटना उभी राहिली. वाढवलेला कामाचा वेग आणि वंशभेद या त्यांच्या तक्रारी होत्या. जानेवारी १९८० मध्ये कारखाना बंद झाला, नंतर पाडला गेला. त्याच हॅमट्रॅमकने २०२१ च्या निवडणुकीत सगळे सदस्य मुसलमान असलेलं नगरमंडळ निवडलं, अमेरिकेतलं पहिलं. लाखो डॉलरच्या गाडीवरचा आकडा भिंगाखाली वाचला जातो. तो ठोकणारा हात कोणाचा होता, याची नोंद कुठेच नाही. त्याने आपलं काम खरं करून ठेवलं. त्यात खोटं मिसळणं हा त्याच्या मेहनतीशीही दगा आहे.

मूळ इंजिन नसलेली शेव्हेल काही टाकाऊ होत नाही. ती तितकीच पळते, तितकीच गर्जते. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगात हात घालतात, आतलं धान्य ओलं लागतं, अशी रिवायत आहे. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजलं. त्यावर ते त्याला धान्य फेकून द्यायला सांगत नाहीत. ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं विचारतात. अमेरिकेतले प्रामाणिक विक्रेते आज जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहितात: इंजिन त्याच काळातलं आहे, या गाडीचं नाही. काही जण बदललेल्या ब्लॉकची पट्टी मुद्दाम कोरी ठेवतात. ती कोरी पट्टी म्हणजे वर ठेवलेलं ओलं धान्य. भाव थोडा कमी येतो. गाडी पुढे किती हातांतून गेली, तरी त्या पट्टीवर खोटी शहादत नसते.